भाता कुठे अडकवायचा?

"वहिनी, भात्याचं काही ठरून नाही राहिलं."

भोयरभाऊ हे म्हणाले तेव्हा आम्ही कॅनडातल्या किचनर शहरात, त्यांच्याच बेसमेंटमध्ये मराठी मंडळाच्या गणपतीच्या पॉटलकची वाटणी करत बसलो होतो. वरण कुणी आणायचं, मोदक कुणी, पेपर प्लेट्स कुणी. माझ्या डोक्यात साहजिकच भात. मी म्हटलं, "नसेल ठरत तर सोडा ना भाऊ. तुम्ही पोळ्या आणा, भाताचं मी बघते."

भाऊंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे टक लावून म्हणाले, "तुम्ही पाहता? तुम्हाले येते त्यातलं?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. एवढी वर्षं संसार केला, पोरं मोठी केली, आणि हा गृहस्थ मला विचारतो की भात येतो का! मी काहीतरी खरमरीत बोलणारच होते, तेवढ्यात त्यांची बायको मंदाताई हसत हसत सोफ्यावर आडवी झाली. "अवो मेधाताई, भात नाही, भाता! बाणाचा भाता. रामाच्या पाठीवर राहते तो."

किचनरमधल्या एका सॉफ्टवेअर टेस्टरला बाणांचा भाता कशाला लागतो, हे मला त्या दिवशी कळलं नाही. खरं सांगू? पुढे सगळं समोर घडलं, मी स्वतः त्यात पायही घातला, आता भाऊ हे गाव सोडून गेले, तरी मला ते नीटसं कळलेलं नाही. म्हणून तर लिहायला बसले.

भाऊ मूळचे भंडाऱ्याकडचे. बुटके, खांदे रुंद, चालणं सावकाश. ऑफिसात त्यांचं काम एकच, दुसऱ्यानं बनवलेली गोष्ट कुठे मोडेल ते शोधून काढायचं. त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता असं त्यांचे सहकारी सांगायचे. पण हे काम ते घरीही आणायचे, त्याला काय करणार? ग्रोसरीला गेले की दोन कंपन्यांचे दह्याचे डबे दोन हातांत धरून उभे. मंदाताई सगळं दुकान फिरून, बिलाच्या रांगेत लागून हाका मारायच्या, तरी हे तिथेच. विंटर टायर घ्यायचे ठरवले तेव्हा ठरेपर्यंत बर्फ पडून वितळलाही होता. कुणी घाई केली की उजव्या हाताचं बोट वर करून म्हणायचे, "एक मिनिट, एक मिनिट." ते मिनिट भाऊंचं असायचं. त्याला घड्याळ लावण्यात अर्थ नव्हता.

आणि मायाळू किती! घरात कोळी सापडला तर त्याच्यावर कप उपडा घालायचे, खालून कार्ड सरकवायचे आणि अलगद बाहेर नेऊन सोडायचे. हिवाळ्यात बाहेर नाही, गराजमध्ये. "थंडीत मरन नं तो बिचारा." खाण्याच्या बाबतीत मात्र भाऊ पक्के. सावजी रस्सा समोर आला की कपाळावरून घाम निथळेपर्यंत मान वर करायचे नाहीत. केकमधल्या अंड्यापलीकडे माझी मजल कधी गेली नाही, त्यामुळे यावर मी काही बोलू नये. पण दुकानातून मटण आणणं वेगळं आणि झाडावर चढून हरीण मारणं वेगळं. मारायचं, तेही कुणी? कोळ्याला गराजमध्ये जागा देणाऱ्या माणसानं?

याच्या मुळाशी होता वॉल्टर. भाऊंच्या कुंपणाला कुंपण लागून राहणारा म्हातारा. ऐंशीच्या घरातला. आयुष्य फर्निचरच्या कारखान्यात गेलेलं, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी दुसऱ्या गावी, रिचमंड हिलला. बोलायचा इतकं कमी की त्यानं "मॉर्निंग" म्हटलं तर आज वॉल्टरशी गप्पा झाल्या असं आम्ही घरी येऊन सांगायचो. शहराबाहेर अर्ध्या तासावर त्याच्या वडिलांपासूनची जंगलाची एक पट्टी होती. दर शरदात तो तिथे धनुष्यबाणानं हरणाची शिकार करायचा. झाडावर बांधलेल्या मचाणावर चढून बसायचं आणि हरीण खालून जाईपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही, असली ती शिकार. पुढे गुडघे गेले, नजर गेली, डॉक्टरनं गाडी चालवणं बंद केलं. मुलीनं ठरवलं, हिवाळा सरला की घर आणि जंगल दोन्ही विकायचं आणि बाबांना आपल्याजवळच्या वृद्धाश्रमात हलवायचं.

त्या उन्हाळ्यात टोमॅटोला पाणी घालता घालता वॉल्टर कुंपणापलीकडून भाऊंना म्हणाला, "जायच्या आधी एकदा माझ्या जंगलातलं हरीण खायचंय. मला चढवत नाही. तू चढशील? मी शिकवतो."

भाऊ म्हणाले, "पाहू नं." अर्थात इंग्रजीत. "वी विल सी, वॉल्टरजी, वी विल सी."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे 'बघू'चा अर्थ काय? आमच्या पुण्यात बघू, त्यांच्या भंडाऱ्याला पाहू, मतलब एकच. नाही! मुलगी बघायला आलेले लोक पोहे खाऊन 'बघू, कळवतो' म्हणाले की ते कळवत नाहीत हे मुलीच्या धाकट्या भावालाही माहीत असतं. समोरच्याचं मन न मोडता नाही म्हणायची आपली ही साधी, सोयीची रीत. भाऊंनी पाहू म्हटलं, पाइप गुंडाळला, घरात येऊन जेवले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दारात वॉल्टर. हातात स्वतःचं धनुष्य.

"मग सांगायचं नाही का तेव्हाच?" मी नंतर विचारलं होतं.

"कसं सांगू वहिनी? त्यानं आपलं धनुष्य आणलं नं. दोन्ही हातांनी धरून आणलं."

झालं. भाऊ कोर्सला बसले, परीक्षा पास झाले, लायसन्स आलं, हरणाचा परवाना आला. वॉल्टरच्या बेसमेंटमध्ये गवताचा भारा लावून रोज संध्याकाळी नेमबाजी. आणि गंमत म्हणजे हात चांगला निघाला! सगळे बाण तळहाताएवढ्या गोलात बसायला लागले. वॉल्टरच्या चेहऱ्यावर आम्ही पहिल्यांदा दात पाहिले. म्हणजे आता नेमाचा प्रश्न नाही, कायद्याचा नाही, मचाण तयार. अडलं कुठे? तर मचाणावर बाण न्यायचे कसे, इथे.

पॉटलकनंतरच्या रविवारी भाऊंचा फोन आला. "वहिनी, जराशा येता का? एक हरीण पाहिजे."

गेलो. माझा नवरा सुधीर शिडी धरायला, मी हरीण. गराजचं दार सताड उघडं, मध्ये रंगकामाची शिडी, शिडीच्या टोकाला भाऊ, म्हणजे मचाणावर. बाणांची पाती काढून ठेवलेली होती, एवढी अक्कल तरी शाबूत होती. मला हुकूम सुटला, "तुम्ही ड्राइव्हवेवरून हळूहळू या. मधे थांबा. खाली पाहा, गवत खाल्ल्यावानी. मी बाण काढताना दिसलो का ऐकू आलो, तं हात वर करा."

"हरीण हात वर करतं का भाऊ?"

"एक मिनिट, एक मिनिट. बरोबर आहे. मग खोका."

पहिला भाता पाठीवरचा, कॅलेंडरातल्या रामाचा असतो तसा. मी दोन पावलं चालले, भाऊंचा हात खांद्यावरून मागे गेला, कोपर गराजच्या दाराच्या पट्टीवर आदळलं. मी खोकले. दुसरा कमरेचा. तो बांधून शिडी चढताना बाण पायऱ्यांमध्ये अडकायला लागले आणि खालून सुधीर ओरडला, "अहो, माझा डोळा जाईल!" ते ओरडणंच खोकणं समजायचं. तिसरा धनुष्यालाच चिकटवायचा. दिसायला छान, सुटसुटीत. पण त्यानं धनुष्य एका अंगाला झुकतं आणि जरा हललं की सगळे बाण थरथरतात. मग उरला चौथा मार्ग. भाता धनुष्यावर चिकटवून दोरीनं वर ओढून घ्यायचा आणि वर गेल्यावर काढून झाडाच्या खोडाला अडकवायचा. मला वाटलं, सुटलो. पण छे! डावीकडे अडकवला तर उजवा हात छातीवरून आडवा न्यावा लागतो. उजवीकडे अडकवला तर मान वळते. उंच अडकवला तर हात दिसतो, खाली अडकवला तर वाकावं लागतं. आणि हातमोजे घातलेले असतील तर?

मी ड्राइव्हवेवर गवत खात होते आणि शेजारची एक बाई कुत्रा घेऊन थांबली होती. कुत्रा माझ्याकडे फार संशयानं बघत होता. तेवढ्यात भाऊंची लेक इशा दारात आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "ओह माय गॉड बाबा, पीपल आर वॉचिंग!"

वॉल्टर हे सगळं स्वतःच्या लॉनवर खुर्ची टाकून बघत होता. भाऊंनी शिडीवरूनच त्याला विचारलं, तुम्ही काय करायचात? वॉल्टरनं बराच विचार केला. "यू ओन्ली नीड वन," तो म्हणाला. एकच तर लागतो.

"ते खरं आहे," भाऊ आम्हाला म्हणाले, "पण तो एक ठेवायचा कुठं?"

त्याच सुमाराला मंदाताईंच्या आई भंडाऱ्याहून आल्या. आता हरणाचं नाक फार तिखट असतं, माणसाचा वास आला की ते फिरकत नाही. त्यामुळे वॉल्टरनं भाऊंना नेम घालून दिले होते. वासाचा साबण नाही. शिकारीचे कपडे वेगळे धुवायचे, उघड्यावर वाळवायचे, झाडाच्या सुक्या पाल्यासोबत झाकणाच्या डब्यात ठेवायचे. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आंघोळ झाली की कुणाला न शिवता, फोडणीचा वास अंगाला लागायच्या आत घराबाहेर पडायचं. आजींनी दोन दिवस हे पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. मला म्हणाल्या, "पाहा बाई, कॅनडात राहून जावई सोवळं पाळून राहिले! कोणतं व्रत आहे, सांगत नाहीत." सांगायची हिंमत कुणाला होती? मंदाताई मान खाली घालून कोथिंबीर निवडत राहिल्या.

पण धनुष्य काही लपत नाही. खंडेनवमीला आजींनी ते शोधून काढलंच. घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही, असं कसं चालेल? भाऊ म्हणाले, "पाहू नं, मामी." त्या भंडाऱ्याच्याच. त्यांना त्याचा अर्थ चांगला कळला. तरी त्यांनी केलंच! पाटावर धनुष्य, शेजारी भाता, एकेका बाणाला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल, उदबत्ती, कापूर. बाहेर गारठा म्हणून खिडक्या बंद, आणि घर तापवणाऱ्या फर्नेसच्या वाऱ्यानं तो कापूर वरच्या मजल्यावर शिकारीच्या कपड्यांच्या कपाटापर्यंत पोचवलेला. भाऊ हात जोडून उभे होते, चेहरा मात्र दुखणं आल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मचाणावर गेले. हरीण आलं म्हणे. झाडीच्या कडेला थांबलं, नाक वर केलं, मोठ्यांदा फुस्स केलं आणि पांढरी शेपटी उभारून जे पळालं ते पळालंच. भाऊ उतरून गाडीपाशी आले. वॉल्टरनं भात्यातला एक बाण ओढला, त्याच्या दांडीवर लाल दिसलं आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"लागला?"

"नाही," भाऊ म्हणाले. "पूजा."

वॉल्टरनं नखानं कुंकू खरवडलं, नाकाशी नेलं आणि सणकून शिंकला. "हं. दॅट वुड डू इट," म्हणाला, म्हणजे एवढ्यानं पळणारच, आणि बाण परत ठेवला. भाऊ सांगत होते, परत येताना तो खिडकीबाहेर बघत बसला होता, एक शब्द बोलला नाही. "तसा तो बोलतच नाही, वहिनी. पण आज वेगळाच नव्हता बोलत."

मग दर शनिवार-रविवार तेच. भाऊ गाडी चालवणार, वॉल्टर शेजारी. भाऊ वर, वॉल्टर गाडीत थर्मास घेऊन. आणि रिकाम्या हातानं परत. मधल्या दिवसांत भाऊ गराजमध्ये भात्याचं काहीतरी करत असायचे. आकडा बदल, रबर लाव, पायमोजे गुंडाळ. दोनदा हरीण टप्प्यात आलं होतं, पण बाण काढेपर्यंत निघून गेलं, असं ते सांगायचे. तिकडे वॉल्टरची मुलगी येऊन सामान बांधायला लागली. त्याच्या ड्राइव्हवेवर खोके दिसायला लागले, सोफा गेला, जेवणाचं टेबल गेलं. शिकारीचा सीझन डिसेंबरात संपतो. नंतर पुढचं वर्ष, आणि वॉल्टरला पुढचं वर्ष नव्हतं. निदान इथलं नव्हतं.

मला बाई राहवेना. एका संध्याकाळी गराजमध्ये भाऊ मंदाताईंची जुनी शाल कापून भात्याच्या आतून लावत बसले होते. मी सरळ म्हटलं, "भाऊ, स्पष्ट बोलू? तुम्हाला ते हरीण मारायचंच नाहीये. भात्याचं हे सगळं नाटक आहे. त्या बिचाऱ्याला एकदा नाही म्हणून सांगून टाका. तो आपला रोज आशेवर बसतो तिकडे थंडीत."

भाऊंनी चष्मा काढला. पुसला. मला वाटलं आता बोट वर होणार. पण ते म्हणाले, "वहिनी, बाण काढताना आवाज झाला तं हरीण दचकते. दचकलेल्या हरणाले बाण पोटात लागते. मग ते मरत नाही पटकन. झुडपात जाऊन बसते अन् दिवसभर मरत राहते. वॉल्टरजीनंच सांगितलं. एकदा झालं होतं त्याच्या हातून, तरणा असताना. अजून बोलत नाही तो त्यावर."

"मग मारायचंय तुम्हाला?"

"नाही नं."

"म्हणजे नाही मारायचं?"

"तसंही नाही." आणि परत शालीचा तुकडा कापायला लागले. आमच्याकडे मचाणावर बसतात ते हरणं हाकलायले, पिकातून, असंही काहीतरी म्हणाले, मला त्याचा संबंध लागला नाही. मी घरी आले ती चरफडतच. अहो, माणसाला एक तर मारायचं असतं नाहीतर नसतं! सुधीर म्हणाला, तुला काय करायचंय. तेही बरोबर होतं, पण मला झोप येईना.

सीझनचा शेवटचा दिवस आडवारी आला. भाऊंनी सुट्टी टाकली. दुपारी मंदाताईंचा फोन, "मेधाताई, तुम्ही जाता का त्यांच्यासंगं? वॉल्टरले बरं नाही दिसत. गाडीत एकटा बसन तो. मी गेली असती, पण आईचं आज विमान आहे अन् मले रक्त पाहवत नाही." मला तरी कुठे पाहवतं? पण गेले.

बर्फ नडगीपर्यंत होता. शेताच्या कडेला भाऊंनी वॉल्टरचा पिकअप ट्रक उभा केला, धनुष्य काढलं, मागच्या सीटपाशी बराच वेळ खुडबुड केली आणि झाडीत शिरून दिसेनासे झाले. मी आणि वॉल्टर हीटर लावून बसलो. काचेबाहेर पांढरं शेत, पुढे काळी झाडी, आवाज कसला म्हणून नाही. वॉल्टर फार खराब दिसत होता. कोटात माणूस शिल्लक आहे की नाही असं वाटावं इतका.

गप्प बसणं मला जमत नाही. त्यात मनात एवढं साठलेलं. मी इंग्रजीत बोलून टाकलं, "वॉल्टर, एक सांगू? तो कधी हो म्हणालाच नव्हता. 'वी विल सी' म्हणाला होता. आमच्या भाषेत त्याचा अर्थ नाही असा होतो."

वॉल्टरनं हीटर जरा कमी केला. मग म्हणाला, "माझी आई घरात जर्मन बोलायची. आम्ही पोरांनी काही मागितलं की म्हणायची, बघू हं. आम्ही समजून जायचो."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"कुंपणापाशीच."

"आणि तरी दुसऱ्या दिवशी धनुष्य घेऊन गेलात?" माझा आवाज चढला होता. केवढा संताप आला मला! चार-पाच महिने त्या माणसाचा जीव टांगणीला लावलेला, आणि हा म्हणतो, कळलं होतं!

वॉल्टरनं हातमोजा काढला, परत घातला. "विचारायला दुसरं कुणी नव्हतं," तो म्हणाला.

आता यावर काय चिडणार? मी वळले आणि थर्मास घ्यायला मागच्या सीटकडे हात केला, तर तिथे भाता. आतून शाल लावलेला, रबर बसवलेला, तो सगळा खटाटोप तसाच सीटवर पडलेला.

"अगं बाई! भाऊ भाता विसरले!"

वॉल्टर मोठ्या कष्टानं मागे वळला. भात्याकडे बघितलं, बोटानं बाण चाचपले. "विसरला नाही," म्हणाला. "एक नेलाय."

मग तो सरळ होऊन बसला. मीही बसले. चहा कुणालाच नको होता. मला एकदा वाटत होतं बाण चुकू दे, एकदा वाटत होतं लागू दे, आणि लागायचा तर नीट लागू दे. देवाचं नाव घ्यायचं तर कशासाठी घ्यायचं, हेच ठरेना. उजेड उतरायला लागला होता. झाडीच्या वरचं आभाळ पिवळट झालं.

फोन वाजला. भाऊ.

"वहिनी, पडलं." श्वास लागलेला होता. "वॉल्टरजीले सांगा, दूर नाही गेलं. दचकलं नाही. त्याले समजलंच नाही, वहिनी."

मी सांगितलं. वॉल्टरनं डोळे मिटले, मान हलवली आणि दाराची कडी शोधायला लागला. मी म्हटलं, "अहो, कुठे निघालात? भाऊ ओढून आणतील ना ते इथे." तो ऐकेना. जिथे पडलंय तिथे बघायचं म्हणाला. दार उघडलं, एक पाय बाहेर काढला आणि काठीनं बर्फाखालची जमीन चाचपडत राहिला. पुढचा पाय काही उचलेना.

तेवढ्यात झाडीतून भाऊ आले. डोक्यावर टोपी नव्हती, हात मोकळे, चष्म्यावर वाफ आणि खाली गाल ओले. त्यांनी वॉल्टरकडे पाहिलं, मधल्या बर्फाकडे पाहिलं. काही विचारलं नाही, थांबले नाहीत. दारापाशी येऊन पाठ केली, खाली उकिडवे बसले आणि हात मागे धरले.

"बसा," म्हणाले. चक्क मराठीत.

वॉल्टरला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं काठी माझ्याकडे दिली, भाऊंच्या गळ्यात हात टाकले आणि लहान पोरासारखा पाठुंगळी बसला. भाऊ उठताना एकदा झोकांडले, कमरेला झटका देऊन त्याला वर घेतलं आणि चालायला लागले.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. रक्त न पाहवणाऱ्या मंदाताईंनीच त्या हरणाचा सावजी रस्सा केला. वॉल्टर खोक्यावर ताट ठेवून, नाक-डोळे पुसत, दोनदा घेऊन जेवला. मग रिचमंड हिलला गेला. उन्हाळ्यात भाऊंना ओटावाला नोकरी लागली. धनुष्य त्यांनी नेलं, पण परत कधी हातात धरल्याचं ऐकलं नाही. फोनवर विचारलं की पलीकडे चष्मा पुसत असावेत असं वाटण्याइतकं गप्प होतात. त्या दिवशी तुम्हाला ते हवं होतं की नको होतं, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

भाऊंचं नाव निघालं की मला मात्र ते पाठमोरेच दिसतात. बर्फात पाय रोवत झाडीकडे चाललेले, पाठीवर वॉल्टर. आणि वॉल्टर बोलत होता! जन्मात "मॉर्निंग"पलीकडे न गेलेला माणूस भाऊंच्या कानाशी तोंड नेऊन एकसारखा, न थांबता काहीतरी सांगत होता, आणि भाऊ मान खाली घालून "हो... हो..." म्हणत होते. शब्द माझ्यापर्यंत येत नव्हते. मी काठी हातात घेऊन मागून चालले होते आणि रडत होते, आणि कशासाठी ते मला धड सांगता आलं नसतं.